भाजली कातडी, झिजलं अंग

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्या भाषेत भाकरी भाजतात, शेंगा भाजतात, विटा भाजतात आणि माणूसही भाजतो. शब्दांचा नाद असलेल्या माणसाला हे खटकतं. एरवी मराठी काही कंजूस नाही. चटका बसणं, पोळणं, होरपळणं, करपणं असे कितीतरी शब्द तिच्या गाठीशी आहेत. सुश्रुतानं तर भाजण्याचे चार प्रकार सांगून ठेवले आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. कातडीचा रंग पालटून नुसती आग होते ते प्लुष्ट, मोठे फोड येतात ते दुर्दग्ध, आणि मांस लोंबून शिरा-हाडं उघडी पडतात ते अतिदग्ध. आजचे डॉक्टर भाजण्याची खोली मोजतात ती वेगळ्या शब्दांत, पण मोजतात तेच.

मी वर्तमानपत्र वाचायला लागलो ते १९८० नंतर. त्या काळात आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असायची, 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता गंभीर'. दोन दिवसांनी दुसरी, 'उपचार सुरू असताना मृत्यू'. स्टोव्ह सुनांवरच कसा भडकतो आणि सासवांना कसा ओळखतो, हे लोक तेव्हाही एकमेकांना विचारत. १९८३ साली ४९८-अ हे कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब आलं, २०२४ च्या जुलैपासून भारतीय न्याय संहितेत त्यांचे आकडे बदलले. रॉकेलचा स्टोव्ह बहुतेक घरांतून गेला. तरी भाजलेल्यांचे वॉर्ड रिकामे झालेले नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरपूरजवळ वाघाडीला रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला. २०२३ च्या एप्रिलमध्ये साक्री तालुक्यात वासखेडीजवळ, वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या मेणबत्त्यांच्या कारखान्याला आग लागली आणि तिथं कामाला गेलेल्या बाया परत आल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसं मध्यम किंवा गंभीर स्वरूपाची भाजतात. त्यातली बहुतेक जगतात. जगलेल्यांची बातमी होत नाही. मला आज बोलायचं आहे ते त्यांच्याविषयी.

काही वर्षांपूर्वी माझ्या बहिणीची मुलगी भाजली. परसात चुलीवर पाणी तापत होतं, वारा होता आणि ओढणी नायलॉनची होती. गळा, छाती आणि उजवा दंड. डॉक्टरांनी हिशेब केला, पंधरा टक्के. हा हिशेब कुणालाही करता येतो. भाजलेल्या माणसाचाच तळहात बोटांसकट धरला, तर तो त्याच्या अंगावरच्या कातडीचा साधारण एक टक्का असतो. भाजलेल्या बाईचा जबाब घ्यायला पोलीस येतात, तसे ते आले. तिनं घडलं ते सांगितलं. जखमेत जंतू शिरले, ताप चढ-उतार करत राहिला आणि मुक्काम दोन महिन्यांवर गेला. पाचव्या आठवड्यात तिनं मला विचारलं, "मामू, जळला गळा आणि छाती. मग माझे पाय का काटक्या झाले?"

मी बी. ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. मला काय सांगता येणार होतं? पण प्रश्न चांगला होता आणि तो सुटेना. मग मी भेटेल त्या डॉक्टरला विचारत गेलो, मिळेल ते वाचत गेलो. आजचं बोलणं म्हणजे तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे, जरा लांबलेलं.

उत्तराची सुरुवात स्वयंपाकघरात आहे. हिवाळ्यात आमच्याकडे पाये शिजतात. बकऱ्याचे पाय रात्री मंद आचेवर चढवायचे आणि सकाळी उतरवायचे. रात्री हाडाला चिकटलेले पांढरे, चिवट, दोरीसारखे पट्टे असतात, सुरीलाही दाद देत नाहीत असे. सकाळी ते दिसत नाहीत. रस्सा मात्र बोटांना चिकटतो आणि गार झाला की वाटीत थलथलीत थिजून बसतो. ती दोरी गेली कुठं? ती रश्शात उतरली. त्या दोरीचं नाव कोलॅजन आणि रश्शात जे उतरलं त्याचं नाव जिलेटिन. जुने सुतार लाकूड जोडायला जो सरस वापरत, तोही हाडं आणि कातडी उकळून काढलेला हाच पदार्थ. ग्रीक भाषेत सरसाला 'कोला' म्हणतात. त्यावरून कोलॅजन, म्हणजे सरस जन्माला घालणारं. हे नाव ठेवणाऱ्यानंही भांडं चुलीवर चढवलं असणार.

आपल्या अंगात जेवढी प्रथिनं आहेत त्यांतला पाव ते तिसरा हिस्सा एकट्या कोलॅजनचा आहे. कातडी, कंडरा, कूर्चा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, दातांचा आतला भाग, सगळं त्याच्यावर उभं आहे. हाड आपल्याला चुन्याचं वाटतं, पण चुना आत धरून ठेवणारा सांगाडा कोलॅजनचाच. आमचे वडील इथल्या प्रताप मिलमध्ये साच्यावर होते. साच्यातला धोटा इकडून तिकडं फेकणारा जो पिकर असतो, तो म्हशीच्या कच्च्या चामड्याचा असे. दिवसभर धोट्याचे तडाखे खायचा. लाकूड तिथं फुटलं असतं. वडील म्हणत, मेलेल्या म्हशीची ताकद बघ. ती ताकद कोलॅजनची, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

या दोरीला पीळ कसा आहे, याचा शोध आपल्याच देशात लागला. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली कोलॅजनची रचना मांडली. कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेतून क्ष-किरण पाठवून काढलेल्या चित्रांचा त्यांना उपयोग झाला. त्यांनी सांगितलं की ही तीन पदरांची दोरी आहे. आपल्या आयाबहिणी तीन पेडांची वेणी घालतात तशी, फक्त वेणीपेक्षा पीळ घट्ट. एकेका पदरात हजारेक मणी, म्हणजे अमिनो आम्लं. दर तिसरा मणी ग्लायसिन नावाचा, सगळ्यांत लहान, कारण पिळाच्या आतल्या बाजूला मोठा मणी मावतच नाही. एका मण्याची जागा चुकली तरी वेणी बिघडते. अशा लाखो वेण्या एकमेकींना शेजारी-शेजारी बांधल्या, की कातडीचा एक धागा होतो.

आता आग. ओल्या कातडीतलं कोलॅजन साधारण ६० ते ६५ अंशांना पीळ सोडतं. चामड्याचं काम करणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: न कमावलेलं कातडं गरम पाण्यात पडलं की ते आक्रसून गोळा होतं. कातडीच्या जिवंत पेशी तर त्याआधीच मरतात. १९४७ साली अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी डुकरांच्या आणि माणसांच्या कातडीवर याचं मोजमाप केलं. ४४ अंशांचा स्पर्श सहा तास राहिला तर कातडी भाजते, ६० अंशांना पाच सेकंद पुरतात. आमच्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि तरी आम्ही शिजत नाही, कारण हवेत उष्णता थोडी मावते आणि घाम ती काढून टाकतो. त्याच दुपारी पत्र्यावर अनवाणी पाय ठेवून बघा, म्हणजे फरक कळेल. कढईतल्या तेलाचं तर विचारूच नका. पाणी शंभर अंशांना उकळून थांबतं. तळणीचं तेल त्याच्या कितीतरी वर जातं आणि वर अंगाला चिकटून बसतं. ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्यातूनच पुढे 'विप्रो' झाली, तिथल्या बायकांना हे मी वेगळं सांगायला नको.

बर्मिंगहॅमच्या जॅक्सन नावाच्या सर्जननं १९५३ साली भाजलेल्या जागेचे तीन पट्टे सांगितले, ते आजही डॉक्टर शिकतात. मधला पट्टा मेलेला, तिथं प्रथिनं गोठलेली, कोलॅजनचा पीळ सुटलेला. सगळ्यांत बाहेरचा पट्टा नुसता लाल, तो बरा होणारच. या दोहोंच्या मधे एक पट्टा असतो तो अधांतरी. तिथल्या पेशी जिवंत असतात, पण रक्त थबकलेलं असतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत हा पट्टा तगतो तरी किंवा मरतो तरी. म्हणजे आग विझल्यावरही जखम खोल होऊ शकते. पहिल्या दिवशी "वरवरचं आहे" असं सांगणारे डॉक्टर तिसऱ्या दिवशी गंभीर दिसतात. त्यात त्यांची लबाडी नसते, त्या मधल्या पट्ट्यानं घात केलेला असतो.

इथून पुढं जे कोलॅजन तुटतं ते आगीनं नाही, शरीरानंच. त्याची गोष्ट बेडकापासून सुरू होते. पावसाळ्यात बोरी नदीच्या डबक्यांत बेडकाची शेपटीवाली पिल्लं वळवळताना आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. काही दिवसांनी पाय फुटतात आणि शेपटी नाहीशी होते. ती गळून पडत नाही, आतल्या आत जिरते. अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी १९६२ साली त्या शेपटीचे तुकडे कोलॅजनच्या पातळ थरावर ठेवून पाहिले. तुकड्यांभोवतीचं कोलॅजन विरघळत गेलं. शेपटीतून पाझरणारी ती कात्री म्हणजे कोलॅजिनेझ. प्राण्याच्या अंगातच कोलॅजन कापणारं विकर असतं, हे तेव्हा पहिल्यांदा पक्कं झालं.

ही कात्री मोठी विचारी आहे. ती वेणीचा भुगा करत नाही. तिन्ही पेडांवर एका ठरावीक जागी, साधारण पाऊण अंतरावर, ती काप घेते. एवढा एक काप पडला की दोन्ही तुकडे अंगाच्या साध्या उष्णतेलाही पीळ सोडतात, त्यांचं जिलेटिन होतं, आणि मग दुसरी विकरं ते चघळून टाकतात. जे चुलीवर रात्रभर लागतं, ते इथं ३७ अंशांना होतं. निरोगी अंगात ही कात्री म्यानात असते आणि तिला धरून ठेवणारी प्रथिनंही भोवती असतात. भाजल्यावर मात्र पांढऱ्या पेशी जखमेकडं धाव घेतात. त्यांच्यातल्या काहींच्या पोटात कात्र्या तयारच असतात, बाकीच्या तिथं जाऊन बनवतात. जखमेतून पाझरणाऱ्या पाण्यात या विकरांचं प्रमाण खूप वाढलेलं सापडतं.

हे वाईटच असतं असंही नाही. खोल भाजलेल्या जागी काळपट, चामड्यासारखी टणक खपली धरते. ती मेलेल्या कोलॅजनची. खालच्या जिवंत भागाशी तिला बांधणारे धागे कात्रीनं तोडल्याशिवाय ती सुटत नाही. पूर्वी डॉक्टर खपली आपोआप सुटायची वाट बघत, तीन-तीन आठवडे. तेवढ्या काळात तिच्याखाली जंतू माजत आणि माणूस रक्तदोषानं जाई. त्या वेळच्या युगोस्लाव्हियात, आजच्या स्लोव्हेनियातल्या मारिबोर गावी, झोरा यान्झेकोविच नावाच्या सर्जनबाई १९६० च्या दशकात वाट न बघता पहिल्या काही दिवसांतच मेलेला थर पातळ-पातळ तासून काढायला लागल्या आणि लगेच वर कातडी लावायला लागल्या. त्यांनी १९७० साली ते मांडलं आणि जगभराची रीत बदलली. ज्यांना शस्त्र नको असतं त्यांच्यासाठी आता अननसापासून काढलेल्या विकराचा लेपही आहे, मेलेलं तेवढं खातो, जिवंताला सहसा हात लावत नाही. मात्र जखम आठवडेच्या आठवडे उघडी राहिली, तर या कात्र्या थांबत नाहीत. नवं विणलेलंही कापत सुटतात.

आता भाचीच्या पायांकडं येतो. मोठं भाजलं की शरीर घाबरतं, हाच शब्द मला बरा वाटतो. अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही संकटाची रसायनं एकदा चढली की महिनोन्‌महिने उतरत नाहीत. नाडी धावते, अंग तापलेलं राहतं. चाळीस टक्क्यांहून जास्त भाजलेला माणूस नुसता पडून असला तरी त्याचं शरीर दुपटीपर्यंत इंधन जाळतं. जखम विणायला अमिनो आम्लं लागतात, यकृताला साखर बनवायला लागतात, आणि अंगातला त्यांचा सगळ्यांत मोठा साठा स्नायूंमध्ये. मग शरीर मांड्या-पोटऱ्या मोडून गळ्याच्या जखमेला पाठवतं. घर जळलं की बाई आधी अंगावरचं सोनं मोडते, तसंच हे. भाजणं तिच्यापेक्षा थोडं असतानाही जंतू शिरले की हीच झीज सुरू होते. पाय बारीक झाले ते मुख्यतः यामुळे.

कोलॅजनही या झिजेतून सुटत नाही, आणि त्याचा पुरावा लघवीत मिळतो. कोलॅजनच्या वेणीत हायड्रॉक्सिप्रोलिन नावाचा एक मणी असतो, जो दुसऱ्या प्रथिनांत जवळपास सापडत नाही. वेणी तुटल्यावर तो मोकळा होतो. गंमत अशी की शरीराला तो पुन्हा नव्या वेणीत ओवता येत नाही, कारण तो ओवण्याआधी तयार होतच नाही. आधी साधा प्रोलिन ओवला जातो आणि मग जागेवर त्याच्यावर नक्षी होते. म्हणून सुटलेला मणी बराचसा यकृतात जळतो आणि थोडा लघवीवाटे जातो. मोठं भाजलेल्यांच्या लघवीत तो नेहमीपेक्षा कितीतरी जास्त सापडतो. भाजलेल्या मुलांची तर हाडंही नंतर विरळ होतात, वाढ मागं पडते. एक गोष्ट मला फार चटका लावून गेली. भाजून बऱ्या झालेल्या कातडीला उन्हातून ड जीवनसत्त्व नीट बनवता येत नाही, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांना आढळलं. खान्देशात राहून ऊन कमी पडावं! डॉक्टर ड जीवनसत्त्व लिहून देतात त्याला हे कारण आहे.

नक्षीची गोष्ट आणखी थोडी सांगतो, कारण तिथं आपल्या घराघरांत चुकतं. ही नक्षी करायला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर वेणीला पीळच धरत नाही. १७४० च्या दशकात इंग्लंडचा अॅन्सन आरमार घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला. खलाशांना स्कर्व्ही झाली. त्यांच्यात एक म्हातारा होता, पन्नास वर्षांपूर्वी बॉइनच्या लढाईत जखमी झालेला. त्याच्या अर्धशतकापूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्या. म्हणजे जुना व्रणसुद्धा स्वस्थ बसलेला नसतो. तो रोज थोडा तुटतो, रोज थोडा विणला जातो. विणणं थांबलं की तुटणं उरतं.

आणि आपण काय करतो? "आंबट देऊ नका, जखमेत पू होईल." "अंडं उष्ण पडतं." "डाळ बंद करा." भाचीच्या उशाशी बसलेल्या सगळ्या खाला-फुफूंनी हेच सांगितलं आणि शेजारच्या काकूंनीही तेच. याबाबतीत आमच्या गल्लीत जातधर्माचा भेद नाही. पातळ खिचडी आणि साबुदाणा, एवढ्यावर दोन महिने काढायचे! भाजलेल्या मोठ्या माणसाला दर किलो वजनामागं दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं रोज हवीत, असं आहारतज्ज्ञ धरतात. पन्नास किलोच्या बाईला पाऊणशे ते शंभर ग्रॅम. बारा-पंधरा अंड्यांत असतं तेवढं हे झालं. डाळ, दूध, दही, अंडी, शेंगदाणे, मांस-मच्छी जे ज्याच्या घरात चालतं ते सगळं, आणि लिंबू, पेरू, आवळा. मूत्रपिंडाचा वगैरे त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तसं. पण त्यांनी सांगितलेलं नसताना आपण आपल्या मनानं माणूस उपाशी ठेवू नये.

जखम भरायला लागली की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमक्या तिथं कोलॅजन उलटं वागायला लागतं. इतके दिवस तुटणं जास्त होतं, आता विणणं अंगावर येतं. घाईनं विणलेलं ते कापड असतं. निरोगी कातडीत धागे बांबूच्या तट्ट्यासारखे आडवे-उभे गुंफलेले असतात, म्हणून कातडी सगळीकडं ताणते. व्रणात ते दाटीवाटीनं एकाच दिशेला पडतात, गाठी धरतात. तीन आठवड्यांत न भरलेली जखम जाड, लाल, खाजरा व्रण देण्याची शक्यता फार. त्यात काही पेशी अशा असतात की त्या स्नायूसारख्या आवळतात. जखमेच्या कडा जवळ ओढणं हे त्यांचं काम. हात आखडला तरी त्या ओढतच राहतात. कोपर दुमडतं, काख चिकटते, हनुवटी छातीकडं येते.

ज्या दवाखान्यात ती होती तिथं व्यायाम करवून घेणारं कुणी नव्हतं. तिची आई तिच्या मानेखाली मऊ उशी ठेवायची, कारण उशीनं तिला बरं वाटायचं. मान खाली झुकली की ताण कमी होतो, आग कमी होते. आणि तसंच महिनाभर राहिलं की मान तिथंच शिवली जाते. डॉक्टरमंडळींत एक वचन आहे, आरामाची अवस्था तीच आखडण्याची अवस्था. गळा भाजलेल्याला उशी द्यायची नसते. उलट खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मान मागं न्यायची असते. काख भाजली तर हात अंगापासून लांब पसरून ठेवायचा. बोटं भाजली तर पट्टी लावून सरळ ठेवायची. हे पहिल्या दिवसापासून करायचं असतं आणि त्यानं दुखतं. माया आणि उपचार यांचं इथं भांडण आहे. आमच्या बाबतीत एका परगावच्या सर्जननं तिसऱ्या महिन्यात पाहिलं, उशी काढायला लावली, आणि तरी पुढं मानेचं एक ऑपरेशन करावंच लागलं.

मग ते घट्ट कपडे आले. अंगाला दाब देणारं, मापानं शिवलेलं जाकीट, दिवसातून तेवीस तास घालायचं, वर्ष-दीड वर्ष. दाबानं व्रण चपटा आणि मऊ व्हायला मदत होते. व्रण पिकायला, म्हणजे विणणं आणि तुटणं यांचा मेळ बसायला, दीड-दोन वर्षं लागतात, आणि पिकलेला व्रणही मूळ कातडीच्या ऐंशी टक्क्यांहून बळकट होत नाही. खोल भाजलेल्या जागी घामाच्या ग्रंथीही उरलेल्या नसतात. उरलेल्या अंगानं सगळ्यांचा घाम गाळायचा. एप्रिल-मेच्या अमळनेरात तिनं ते जाकीट कसं निभावलं ते तीच जाणे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मामू, तुम्ही कविता करा, मला पंखा लावून द्या."

आता जखमेवर काय घालायचं त्याविषयी. यात महाराष्ट्राचं काम नाव घेण्यासारखं आहे. मुंबईत डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालीची ड्रेसिंग केली आणि १९८५ साली त्यावर लिहिलं. साल ओलावा धरते, जखमेला चिकटत नाही, त्यामुळे ड्रेसिंग बदलताना नवी नाजूक कातडी ओरबाडली जात नाही. पुढं सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान वापरून पाहिलं. त्यावरचे निबंध २००३ साली प्रसिद्ध झाले. पान मेणचट, गुळगुळीत, स्वस्त, आणि काढताना दुखत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला हे ऐकून छाती फुगल्यासारखं वाटतं. पण सावध करतो: ते पान दवाखान्यात वाफेनं निर्जंतुक केलेलं असतं. शेतातून तोडून आणलेलं पान जखमेवर घालू नका.

खोल जखमेला मात्र कातडीच हवी, आणि मोठं भाजलेल्याकडं स्वतःची पुरेशी उरलेली नसते. सायनच्याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या आणि पाठ इथला कातडीचा फक्त वरचा पातळ थर काढतात. चेहरा विद्रूप होत नाही, रक्त वाहत नाही. रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरीनमध्ये ती कातडी पाच वर्षांपर्यंत टिकते. ती कायमची लागत नाही, तीनेक आठवड्यांनी शरीर ती नाकारतं. पण तेवढ्या आठवड्यांत जखम झाकलेली राहते, पाणी आणि प्रथिनं झिरपून जायची थांबतात, दुखणं कमी होतं, आणि माणसाची स्वतःची कातडी पुन्हा घेण्याजोगी होते. डोळे देण्याची आपल्याला सवय झाली. कातडीचं नाव काढलं की लोक अजून अंग चोरतात.

शेवटी, पहिल्या अर्ध्या तासाविषयी, कारण मघाचा तो अधांतरी पट्टा तेव्हाच वाचवता येतो. आग लागली तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं, जाड सुती चादर किंवा घोंगडी लपेटायची. मग भाजलेल्या जागेवर साधं गार पाणी सोडायचं, वीस मिनिटं. भाजून तीन तास होईपर्यंत त्याचा उपयोग होतो. आमच्याकडं नळाला रोज पाणी येईलच असं नाही, तेव्हा हंड्यातलं तांब्यानं हळूहळू ओता. बर्फ नको, त्यानं रक्त आणखी थबकतं. तूप, टूथपेस्ट, शाई, हळद, कणीक काही नको. अंग मोठं भाजलं असेल किंवा मूल लहान असेल तर बाकीचं अंग गार पडू देऊ नका. चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका, स्वच्छ धुतलेल्या कापडात गुंडाळून दवाखाना गाठा. आणि हातातल्या बांगड्या, अंगठ्या, पायातली जोडवी पहिल्या काही मिनिटांतच काढा. तासाभरात सूज चढली की त्या कापूनच काढाव्या लागतात.